बहात्तरची दुसरी बाजू

क्लीओफस वीम्सने रेकॉर्ड प्लेअर टेबलावर ठेवला, तेव्हा डोलोरेस युरिकच्या हातातला तळलेला गोळा तोंडापर्यंत जाऊन तसाच बशीत परत आला.

गोळे आंबवलेल्या कोबीचे होते, कढईतून नुकतेच निघालेले होते, आणि पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात डोलोरेसने गरम गोळा खाली ठेवल्याचं अ‍ॅक्रन शहरात कुणी पाहिलेलं नव्हतं. पण स्लोव्हाक क्लबच्या त्या मागच्या खोलीत गाणं वाजवायचं यंत्र आलेलंही कुणी पाहिलेलं नव्हतं. एक्केचाळीस वर्षांत नाही.

"वायर पुरत नाही," क्लीओफस म्हणाला. "टेबल भिंतीकडे ओढावं लागेल."

ऑर्व्हिल टॅकेटने आपल्या बाजूचं टोक धरलं. दोघांची वयं मिळून एकशे सत्तावन्न होत होती. टेबल सरकलं, पण ओढताना दोघांपैकी एकाच्याही तोंडून कण्हण्याचा आवाज निघाला नाही. एकमेकांसमोर तो काढायचा नसतो.

खिडकीपाशी ऑर्व्हिलची मुलगी नोरीन बसली होती. अंगावरचा कोट तिने काढला नव्हता. कोलंबसहून दोन तास गाडी हाकत ती आली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. पर्समध्ये एक अर्ज होता. कोलंबसच्या एका वृद्धनिवासात खोली रिकामी झाली होती, आणि ती हवी की नको हे सोमवारी दुपारपर्यंत, म्हणजे उद्याच, कळवायचं होतं. सही तेवढी राहिली होती. ऑर्व्हिलला हे माहीत होतं. खोलीतल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

"डॅड, सुरू करायचं का?"

"करू की. खोली काही पळून जात नाही."

"जाते," नोरीन म्हणाली. "यादीत अजून नऊ जण आहेत."

ह्या मंडळींना वेड होतं ते एका वर्षाचं. एकोणीसशे बहात्तर. त्या साली निघालेल्या अल्बमांमधले सर्वोत्तम दहा कोणते, ह्यावर ती दरवर्षी फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी दुपारी जमून भांडत. डोलोरेसच्या नवऱ्याने, स्टॅनने, ही पद्धत सुरू केली. पूर्वी अकरा जण होते. स्टॅन गेला, बाकीचे गेले, आता तिघं उरली होती. भांडण मात्र अकरा जणांचंच चाले.

स्टॅनने नियम एकच घालून दिला होता. खोलीत काही वाजवायचं नाही. जे काय सांगायचं ते आठवणीतून आणि तोंडाने. साहजिकच थापांना ऊत आला. अठ्ठ्याऐंशी साली क्लीओफसने एका ड्रमवादनाचं असं काही वर्णन केलं, की पुढच्या हॉलमध्ये चाललेलं लग्न सोडून नवरी दारात येऊन उभी राहिली. नवरा तिला शोधत आला तर तिने त्यालाच बोटाने गप्प केलं. सत्त्याण्णव साली एका बासरीवरून वाद इतका लांबला, की कॉफी कपातच गोठली आणि काट्याने खावी लागली. ह्यातलं थोडं कमी करून घ्यायला हरकत नाही. फार नको.

यादीतले खालचे नऊ नंबर कधीच ठरून गेले होते. लढाई पहिल्या नंबरासाठी होती. क्लीओफसचा जीव 'रविवारचे बूट' ह्या अल्बमवर. सात धर्मभोळ्या भावांनी चर्चमधून पळून जाऊन गायलेला, असं तो सांगे. ऑर्व्हिलचा जीव 'काळा बर्फ'वर. यंग्सटाउनच्या चार पोरांनी तो काढला, हजारेक प्रती खपल्या, आणि चौघांनी वाद्यं विकून नोकऱ्या धरल्या. डोलोरेसचं मत कधी ह्याला, कधी त्याला. वही तिच्याकडेच असे, आणि ह्या वर्षी पहिला कोण हे तिच्या त्या दिवशीच्या संधिवातावर ठरतं, असा दोघांनाही संशय होता.

'काळा बर्फ'ची पहिली बाजू गाण्यांची. दुसऱ्या बाजूला एकच लांबलचक वादन. शब्द नाहीत. ऑर्व्हिलचं म्हणणं, त्या वादनात एक ऑर्गन आहे, आणि असा ऑर्गन त्या वर्षी दुसऱ्या कुणी वाजवला नाही. बाकीच्यांचं म्हणणं, त्यात ऑर्गनच नाही.

"वीस मिनिटं कुणीतरी गिटार पुसतंय," क्लीओफस दरवर्षी म्हणे. "मध्येच एक जण माउथ ऑर्गन झटकतो. बस."

"पन्नास वर्षं मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आहे," डोलोरेस म्हणे. "असता तर मला वासाने कळला असता."

"तुम्हाला कान नाहीत," ऑर्व्हिल म्हणे.

सगळेच फेकत होते, तेव्हा ऑर्व्हिलचा ऑर्गनही त्यात खपून गेला. चाळीस वर्षं खपला. मग गेल्या सप्टेंबरात त्याच्या घरी पातेलं इतकं जळलं, की शेजाऱ्यांनी बंब बोलावला. ऑक्टोबरात त्याने नोरीनला फोनवर दोनदा तिच्या आईच्या नावाने हाक मारली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट घडली, ती क्लीओफसने पाहिली. ती कळल्यावर नोरीनने वृद्धनिवासात नाव नोंदवलं.

नाताळच्या जेवणाला बाप-लेकीचं वाजलं. तिने एकेक गोष्ट बोटावर मोजली. शेवटी म्हणाली, "आणि नसलेली गाणीसुद्धा आठवतात तुला. विचार तुझ्या दोस्तांना."

ऑर्व्हिलने काटा-सुरी ताटात आडवी ठेवली. पातेल्याबद्दल तो काही बोलला नाही. आईच्या नावाबद्दलही नाही.

"ऑर्गन आहे," तो म्हणाला. "लावून बघू. नसला, तर मी मुकाट्याने बॅग भरतो."

"आणि असला तर?"

"तर तो अर्ज माझ्या समोर फाडायचा. पुन्हा खोलीचं नाव काढायचं नाही."

नोरीन थकली होती. ती हो म्हणाली.

म्हणून आज यंत्र आलं होतं.

क्लीओफसने आपल्या घरची प्रत पिशवीतून काढली. कव्हर इतकं कोरं, की बहात्तर साली आणून त्याने ती दोनदाच ऐकली असावी, दोन्ही वेळा शिव्या द्यायला. तळहात न लावता, कडेला धरून त्याने रेकॉर्ड बाहेर काढली आणि दुसरी बाजू वर करून डोलोरेससमोर धरली.

"बघून घे. मग म्हणाल, म्हाताऱ्याने हातचलाखी केली."

डोलोरेसने लेबल मोठ्याने वाचलं. 'काळा बर्फ', बाजू दुसरी. क्लीओफसने सुई टेकवली.

गिटार सुरू झाली. नोरीनने पर्सवरचे हात एकमेकांत गुंतवले. ऑर्व्हिल खुर्चीत मागे रेलून बसला होता, डोळे मिटून. चेहरा निवांत, जसा आपल्या थांब्याची वाट बघणाऱ्या माणसाचा असतो. चार मिनिटं गेली. माउथ ऑर्गन आला आणि गेला. ऑर्व्हिलने डोळे उघडले. नऊ मिनिटांनी तो पुढे वाकला. चौदाव्या मिनिटाला त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, आणि मग वादन संपेपर्यंत ते हात तिथून हलले नाहीत.

गिटार थांबली. क्लीओफसने सुई उचलली.

ऑर्गन नव्हता.

"पुन्हा लाव," ऑर्व्हिल म्हणाला.

"ऑर्व्ह, पुन्हा लावून काय..."

"लाव म्हटलं ना."

पुन्हा वीस मिनिटं गेली. गोळ्यांवर तेल थिजलं. ह्या वेळी कुणी ऑर्व्हिलकडे बघत नव्हतं. डोलोरेस वहीच्या कडेला पेनाने छोटे चौकोन काढत होती. सुई दुसऱ्यांदा उचलली गेली तेव्हा नोरीन उठली आणि बापाच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल, डॅड."

"ही माझी नाही."

"रेकॉर्ड तीच आहे. लेबल वाचलं डोलोरेस आंटींनी."

"मी काय ऐकलंय ते मला माहीत आहे, नोरीन." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रात्रपाळी करून यायचो. तू आणि तुझी आई झोपलेल्या असायच्या. कानाला हेडफोन लावून ऐकायचो. रोज. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही."

"आठवतं," नोरीन म्हणाली. "मी जिन्यात येऊन बसायचे. तुझा पाय हलताना दिसायचा. आवाज काहीच यायचा नाही."



"माझी प्रत आण," ऑर्व्हिल म्हणाला. "फडताळात खालच्या कप्प्यात. कव्हरला चिकटपट्टी आहे. ती लावू. मग बॅग भरायला तूच मदत कर."

नोरीनने क्लीओफसकडे पाहिलं. क्लीओफसने किंचित खांदे उडवले. तिने पर्समधून किल्ल्या काढल्या आणि ती गेली. ऑर्व्हिलचं घर चार गल्ल्या पलीकडे होतं. बाहेर गाडी एकदा खोकून सुरू झाल्याचं ऐकू आलं.

दार बंद झाल्यावर ऑर्व्हिलने थंड झालेला एक गोळा उचलला, पाहिला, आणि परत ठेवला.

"तूच फोन केलास ना तिला?"

डोलोरेसचं पेन थांबलं.

"हो," क्लीओफस म्हणाला.

"वाटलंच मला. दुसरा कोण उचापती करणार? चौतीस वर्षं लोकांच्या पत्रांत नाक खुपसलंस."

"पत्रं उघडत नव्हतो मी. फक्त पोचवत होतो."

"हे पण पोचवलंस."

क्लीओफसने खुर्ची ओढून घेतली आणि तो त्याच्या समोर बसला. पोस्टातून निवृत्त झाल्यावरही तो रोज पहाटे आपल्या जुन्या वाटेने चालून येई; पायांना दुसरं काही येतच नाही, असं म्हणे.

"नोव्हेंबरातली ती सकाळ तुला आठवते का, ऑर्व्ह?"

"कुठली?"

"तू तुझ्या जुन्या टायर कारखान्याच्या गेटपाशी उभा होतास. गेट म्हणजे काय, दोन खांब. आत कारखाना नाहीच, गवत आहे. तुझ्या हातात डबा होता. मी म्हटलं, काय रे, इथे काय करतोस? तर म्हणालास, आज गेट उशिरा उघडतायत."

ऑर्व्हिलने समोरची बशी बाजूला सारली.

"मी तुझ्याबरोबर थांबलो. पाऊण तास. तू डबा उघडून मला अर्धं सँडविच दिलंस. म्हणालास, फोरमनला सांगू नकोस, पाळीच्या आधी खाल्लेलं त्याला चालत नाही."

"कसलं होतं?"

"काय?"

"सँडविच."

"सॉसेजचं. मोहरी जास्त झाली होती."

"मी मोहरी जास्तच घालतो," ऑर्व्हिल म्हणाला. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "मला आठवत नाही, क्ली."

"म्हणून फोन केला."

"तेव्हाच सांगायचं होतंस मला."

"कसं सांगायचं? एक्केचाळीस वर्षं मी तुला फक्त चूक आहेस एवढंच सांगत आलोय. तू मानलं असतंस?"

ऑर्व्हिलला हसू आल्यासारखं झालं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. त्याने प्लेअरकडे पाहिलं. तबकडी थांबली होती.

"ती जागा कशी आहे, तू पाहिलीस?"

"नोरीनने फोटो दाखवले. स्वच्छ आहे. खिडकी आहे."

"हेडफोन चालतात?"

"विचारायला हवं," क्लीओफस म्हणाला. तो उठून कॉफीच्या भांड्याकडे गेला आणि लागणार नव्हती तरी कॉफी ओतून घेत राहिला.

नोरीन परत आली तेव्हा तिच्या केसांवर बर्फ होता आणि कोटाच्या आत, छातीशी धरलेलं कव्हर. चारही कडांना चिकटपट्टी लावलेलं. तिने ते बापाच्या हातात दिलं आणि ती खिडकीपाशी आपल्या जागी जाऊन बसली. ऑर्व्हिलने रेकॉर्ड स्वतः काढली, स्वतः चकतीवर ठेवली. सुई टेकवायची वेळ आली तेव्हा तो बाजूला झाला.

"तू लाव. ओरखडा पडेल."

क्लीओफसने सुई टेकवली. खरखर झाली. पन्नास वर्षांची खरखर होती ती, बरीच होती.

आणि ऑर्गन आला.

गिटारच्या आडून नव्हे, मागून नव्हे. पहिल्या सुरापासून ऑर्गनच. खालचा एक सूर धरून कुणीतरी बसलं होतं, आणि त्यावर दुसरा हात पायरी-पायरीने चढत होता, घाई न करता, जणू जिन्याला किती पायऱ्या आहेत हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. डोलोरेसने पेन ठेवलं. तिची बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप फिरायला लागली, आणि मग तिच्या ध्यानात आलं तशी तिने ती मुठीत मिटून घेतली.

"चर्चमध्ये शिकलेला आहे हा," ती हळूच म्हणाली. "डावा हात बघा. पण वाजवतोय भलत्याच ठिकाणी. सिनेमागृहात, नाहीतर स्केटिंगच्या हॉलमध्ये."

"ऐकताय ना?" ऑर्व्हिल म्हणाला. "तुम्हालाही येतंय ना ऐकू?"

"येतंय, ऑर्व्ह."

"नोरीन?"

नोरीनने मान डोलावली.  लहानपणी जिन्यात बसून जे तिला कधीच मिळालं नाही, ते आता तिच्या समोर, सगळ्या खोलीभर होतं.

क्लीओफस मात्र ऐकत नव्हता. त्याने आपली प्रत हातात घेतली होती आणि प्लेअरवर वाकून फिरणाऱ्या तबकडीच्या मध्यापाशी डोळे लावले होते. सगळ्यात आतल्या रेषेच्या आणि लेबलाच्या मधे जी मोकळी पट्टी असते, तिथे रेकॉर्डच्या कारखान्यात हाताने कोरलेला एक आकडा असतो. चौतीस वर्षं लोकांची अक्षरं लावलेल्या माणसाला फिरता आकडाही वाचता येतो. निदान त्याने तसा दावा केला.

"माझ्यावर शेवटी चौदा आहे," तो म्हणाला. "ह्याच्यावर एकोणचाळीस."

"म्हणजे?" नोरीनने विचारलं.

"म्हणजे रेकॉर्ड छापताना पहिल्या बाजूला साचा बरोबर लागला आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच कुणाचा तरी. लेबल आपलं, आतलं वादन परक्याचं."

ऑर्व्हिल त्याच्याकडे बघत राहिला. साचा म्हणजे काय हे त्याला समजावायची गरज नव्हती. टायरच्या साच्यांपुढे उभं राहण्यात त्याची तरुणपणची पंधरा वर्षं गेली होती.

"आमच्याकडे चुकीच्या साच्यातला टायर भंगारात जायचा," तो सावकाश म्हणाला.

"आणि ह्यांच्याकडे दुकानात गेला. तू विकत घेतलास."

"मग वाजवतंय कोण?"

"देव जाणे. त्या कारखान्यालाही कळलं नसेल. अशा किती निघाल्या असतील? दहा? बाकीच्यांनी परत केल्या असतील. हा एकटा घेऊन बसला."

डोलोरेसला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडातून, मग तिला चष्मा काढावा लागला. क्लीओफसही हसला. तो गंभीर व्हायचा प्रयत्न करत होता, पण ते त्याला जमत नव्हतं.

"डोलोरेस, वही काढ. ह्याची एक्केचाळीस मतं बाद. ह्याने 'काळा बर्फ'ला मत दिलेलंच नाही कधी. 'काळा बर्फ' ह्याने ऐकलेलाच नाही."

"अर्धा ऐकलाय," ऑर्व्हिल म्हणाला.

"मग अर्धी मतं बाद."

"आणि हे वादन बहात्तरचंच कशावरून?" डोलोरेस म्हणाली. "सत्तरचं असलं तर? आपल्या खोलीत सत्तर चालत नाही."

"आकडा बघा ना. त्याच कारखान्याचा आहे."

"कारखान्यावरून साल ठरत नाही, ऑर्व्ह. स्टॅन असता तर..."

"स्टॅन असता तर त्याने कान दिला असता. तुमच्यासारखा बडबडला नसता."

ऑर्गन वाजतच होता, आता वरच्या पायरीवर. ऑर्व्हिल ताठ बसला होता. दुपारपासून खाली गेलेले खांदे वर आले होते, आणि तो एका वेळी दोघांशी भांडत होता, बोट नाचवत, वर्षं, तारखा, दुकानांची नावं फेकत. 'काळा बर्फ' कुठल्या दुकानात घेतला, मालकाच्या कुत्र्याचं नाव काय, त्या दिवशी हवा कशी होती. सगळं त्याला आठवत होतं. नोरीन त्याच्याकडे बघत होती. मग तिने पर्स उघडली. अर्ज बाहेर काढला, त्याची घडी उलगडली, मध्यावर धरला, आणि फाडायला सुरुवात केली.

"श्श," ऑर्व्हिल म्हणाला. त्याने हात वर केला. "भांडू नंतर. संपत आलंय."

ऑर्गनचा वरचा हात थांबला. खालचा सूर एकटाच राहिला, मग तोही विझला. सुई शेवटच्या मोकळ्या गोल रेषेत जाऊन पडली आणि तिथेच फिरू लागली. खस्, टक्. खस्, टक्.

क्लीओफसने सुई उचलायला हात पुढे केला.

"थांब की," ऑर्व्हिल म्हणाला. "शीळ राहिली."

क्लीओफसचा हात हवेत राहिला.

खस्, टक्. ऑर्व्हिलने मान कलती केली. त्याचं बोट हळूहळू वर चढलं, वर एका जागी थांबलं, आणि तितक्याच हळू उतरलं. खस्, टक्. चेहऱ्यावर तो पहिल्या वेळचा निवांतपणा परत आला होता.

"झाली," तो म्हणाला. "किती साधी आहे, नाही? बोलायला कुणी नसलं की माणूस अशी घालतो. तुझी आईसुद्धा..." आणि पुढचं तो बोलला नाही. तो तबकडीकडे बघत होता. दुसऱ्या कुणाकडे बघायची त्याला गरज वाटत नव्हती.

नोरीनच्या हातांत अर्ज अर्धा फाटला होता. हात तिथेच थांबले होते. तिने डोलोरेसकडे पाहिलं. डोलोरेसने वही उघडली होती आणि ती त्यात काहीतरी शोधत होती. पान कोरं होतं.

मग नोरीनने क्लीओफसकडे पाहिलं. गेट, डबा, त्या सकाळचं जे काही तिने खरं मानलं होतं ते ह्याच माणसाच्या शब्दावर. पोस्टमन होता. जे होतं ते पोचवत आला होता.

"अंकल क्ली," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू आली शीळ?"

क्लीओफसने चष्मा काढला. खिशातून रुमाल काढून एक काच पुसली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. सुई फिरत होती.

"आली," तो म्हणाला.

कुणी हललं नाही.

"बेसूर आहे पण." त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि ऑर्व्हिलकडे वळला. "वरचा सूर लागलेलाच नाही त्याला. एवढा ऑर्गन वाजवायचा आणि शेवटी असली शीळ घालायची? ह्याला मी पहिला नंबर द्यायचा?"

"बेसूर?" ऑर्व्हिलने खुर्ची मागे ढकलली. "बेसूर काय, गाढवा, तो मुद्दाम खाली ठेवलाय. मुद्दाम."

"मुद्दाम कसला? दम संपला त्याचा."

"तुला कानच नाहीत. पहिल्यापासून नाहीत."

"दम संपला, ऑर्व्ह. मान्य कर."

क्लीओफस भांडत राहिला. नेहमीपेक्षा जरा मोठ्याने भांडत राहिला, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत, ऑर्व्हिलला श्वास घ्यायला न देता. नोरीन बसली होती त्या खिडकीकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही.